समाधानी ग्राहक

नाजिमा आणि पूर्णिमा हिंजवडीतल्या एकाच कंपनीत होत्या. खडकीहून कंपनीच्या बसने शेजारीशेजारी बसून जायच्या. नाजिमाचा नवरा अचानक गेला, तेव्हा कित्येक दिवस पूर्णिमा तिच्यासाठी आणि तिच्या मुलीसाठी, अर्शियासाठी, डबा आणत होती. ते नाजिमा विसरली नव्हती.

म्हणूनच पूर्णिमा ‘खास बायकांसाठी’ असलेली ताकदीची पावडर विकायला लागली, तेव्हा नाजिमाने काहीही न विचारता डबा घेतला. तिला पाळीत फार रक्तस्राव व्हायचा, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या.

“त्या बंद कर,” पूर्णिमा म्हणाली. “पोट बिघडवतात नुसत्या. ह्यात सगळं नैसर्गिक आहे. माझ्यावर विश्वास आहे ना?”

होता. नाजिमाने गोळ्या बंद केल्या. रोज सकाळी दुधातून पावडर घ्यायची आणि बरं वाटतंय, असं स्वतःला बजावायची. एके दिवशी बसमधून उतरतानाच ती कोसळली.

रक्त चढवावं लागलं. गर्भाशयात गाठ निघाली. पावडरचा डबा फिरवून बघत डॉक्टर म्हणाल्या, “ह्यात लोह नावालाच आहे. तुम्ही गोळ्या थांबवल्यात कशासाठी?”

संध्याकाळी अर्शियाने मोबाईल पुढे केला. “अम्मी, हे तू पाठवलंस?” पूर्णिमाच्या पावडरच्या ग्रुपवर नाजिमाचा फोटो होता. भाचीच्या लग्नातला, हिरव्या शराऱ्यातला. खाली लिहिलं होतं : ‘माझा थकवा कायमचा गेला. नाजिमा, समाधानी ग्राहक.’

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा सफरचंदं घेऊन आली.

“तो फोटो मी तुला मैत्रीण म्हणून पाठवला होता,” नाजिमा म्हणाली.

“अगं, सगळेच टाकतात असं. आणि तूच म्हणाली होतीस ना, बरं वाटतंय म्हणून?”

“तू घेतेस ही पावडर?”

पूर्णिमाने खिडकीबाहेर पाहिलं. “मला नाही मानवत. मी डॉक्टरांच्याच गोळ्या घेते.”

नाजिमाला ओरडावंसं वाटलं. तेव्हा आपल्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभी राहणारी बाई हीच, हे तिला पटेना. “सफरचंदं घेऊन जा,” एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री तिने त्याच ग्रुपवर हाताला सुई लावलेला स्वतःचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘मी नाजिमा. वरचं वाक्य माझं नाही. कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या असतील, तर उद्याच सुरू करा.’ थोड्याच वेळात पूर्णिमाने तिला ग्रुपमधून काढून टाकलं. पण तोवर तिघींनी तो मजकूर वाचला होता. त्यांतल्या एकीचा फोन आला. ती रडत होती. तिनेही गोळ्या थांबवल्या होत्या.

गाठीचं ऑपरेशन झालं, गोळ्यांनी अंगात हळूहळू ताकद आली. नाजिमा पुन्हा कामावर जाऊ लागली. बसमध्ये पूर्णिमाने शेजारची जागा धरून ठेवली होती. नाजिमा तिला ओलांडून मागे गेली आणि वाटभर एका अनोळखी मुलीशेजारी तोंड फिरवून रडत राहिली.