बाजू बदलून भांडण

अरे, ऐका ना! आमच्या छोटीच्या हृदयाला भोक होतं. आई म्हणे ऑपरेशन करायचंच, बाबा म्हणे, "पोरगी काय झबलं आहे, उसवून परत शिवायला?" दोघंही शिंपी, दुकान एकच, पण आठवडाभर फक्त मशिनींचाच खडखडाट! शेवटी डॉक्टरांसमोर बसलो, तर बाबाच म्हणाले, "करून टाका. हिचं पटलं मला." आणि आई रडतेय, "नको हो, ह्यांचंच बरोबर होतं!" झालं, परत जुंपली!

छोटी खुर्चीत पाय हलवत म्हणाली, "डॉक्टरकाका, दोघांचंही एकेकदा हो म्हणून झालंय. आता पटकन करा, नाहीतर परत बदलतील!"

डॉक्टर इतके हसले की आई-बाबांनाही हसू फुटलं, आणि ठरलंच!

आज जिन्यावर तीच मला मागे टाकते, बोला!