नऊ शेंगा

आमच्या एल्मस्टोक गावातली बँक गेली, खाटकाच्या दुकानात आता कुत्र्यांचे केस कापतात आणि पोस्ट पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात जाऊन बसलंय. या सगळ्या बातम्या गावाला मी दिल्या. एकोणीस वर्षं दर महिन्याला चार पानांचं पत्रक मी लिहिलं, छापलं आणि घरोघर टाकलं. आणि एकोणीस वर्षं दर महिन्याला त्यातली एक प्रत माझ्या दाराच्या फटीतून परत आत आली, लाल पेन्सिलीने रंगवलेली.

ती सिरिल टॅपरची. म्हातारा एक्याऐंशीचा. पूर्वी रेल्वेत सिग्नलवर होता, त्यामुळे चूक म्हणजे अपघात हे त्याच्या हाडात मुरलेलं. 'सभा बुधवारी नव्हे, मंगळवारी झाली. झोपली होतीस काय?' असलं लिहायचा. माझा नवरा जेफ्री गेला तेव्हा ती बातमीही मीच छापली, रडत रडत. ती प्रतसुद्धा परत आली. 'वय अडुसष्ट नव्हे, सदुसष्ट.' त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मी त्याला कधी माफ केलं नाही.

यंदा पत्रकही बंद व्हायचं होतं. बातम्या आता फोनवरच्या ग्रुपवर. गावचं सभागृह विकलं गेलं, तिथे फ्लॅट होणार, म्हणजे ऑगस्टमधलं फुलाभाज्यांचं प्रदर्शनही शेवटचंच. घेवड्याच्या शेंगांचा चांदीचा कप यंदा जो जिंकेल त्याच्याच घरी कायमचा राहणार होता.

सिरिलचा जीव त्या कपात अडकलेला. चौदा वेळा तो दुसरा आला, दर वेळी नॉर्मन ग्रिबलच्या मागे, आणि नॉर्मन तर मार्चमध्येच वारला. सिरिलची बायको आयव्ही तीन वर्षं वृद्धाश्रमात आहे. तिला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही, पण प्रदर्शन झालं की विचारते, "जिंकलास का रे?" मी तिथे पत्रक वाचून दाखवायला जाते, माझ्या कानांनी ऐकलंय. तो म्हणायचा, "दुसरा आलो, आयव्ही." ती म्हणायची, "पुढच्या वर्षी जिंकशील."

प्रदर्शनाचे नियम जुलैच्या पत्रकात छापले होते. एका बशीत नऊ शेंगा, सगळ्या एकसारख्या. पण प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी समितीच्या लक्षात आलं की सभागृहाच्या बशाही विकल्या गेल्यात. कागदी बशा आणल्या, त्यांच्यावर नऊ शेंगा मावेनात. मग ठरलं, सहाच ठेवायच्या. चिटणीस डोरीन हॅचने तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलंसुद्धा.

"सिरिलकडे तसला फोन नाही," डोरीन म्हणाली. "त्याला कोण सांगणार?"

"मी सांगते की. वाटेवरच तर घर आहे."

आणि मी सांगायलाच गेले होते, शपथेवर सांगते. तो स्वयंपाकघरात ओल्या टॉवेलवर शेंगा सरळ करत बसला होता. साठ शेंगांतून नऊ निवडलेल्या, शेजारी लाकडी पट्टी. केसाचाही फरक नव्हता त्यांच्यात.

"ये हिलरी. हात लावू नकोस."

"सिरिल, तुम्हाला एक सांगायला आले होते..."

"आधी माझं ऐक. ऑगस्टच्या अंकात दोन चुका आहेत. चहाची वेळ आणि पाद्रीबाईंचं आडनाव. शेवटचा अंक तरी नीट काढ, पोरी. एकोणीस वर्षांत एक तरी बिनचूक निघू दे!" तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. समोर भिंतीवर जुलैचं पत्रक टाचलेलं होतं. नियमांखाली लाल रेघ, शेजारी लिहिलेलं, 'बरोबर.'

"तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही. शेंगा छान आल्यात, एवढंच."

घरी जाताना पाऊल हलकं पडत होतं. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली.

शनिवारी परीक्षक सिरिलच्या बशीपाशी बराच वेळ थांबले. टेबलावर तेवढ्या देखण्या शेंगा दुसऱ्या नव्हत्या. मग त्यांनी उसासा टाकला आणि कार्ड ठेवलं, 'नियमाप्रमाणे नाही.' तीन शेंगा उचलून बाजूला ठेवणारा परीक्षक आमच्याकडे जन्मायचाय. कप मिळाला डेब्रा फेनला, दोन वर्षांपूर्वी लंडनहून आलेली, अंगणातल्या कुंडीत घेवडा लावणारी.

दोन वाजता दारं उघडली. सिरिलने कार्ड वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. शेजारच्या बशीतल्या शेंगा बोटाने मोजल्या.

"अहो, हिलरीने सांगितलं नाही तुम्हाला?" डोरीन म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"विसरले," मी म्हणाले.

नऊच्या नऊ शेंगा त्याने एकेक करून टॉवेलात गुंडाळल्या आणि घेऊन गेला.

सप्टेंबरचा शेवटचा अंक निघाला. या वेळी लाल पेन्सिलीची प्रत परत आली नाही. रविवारी वृद्धाश्रमात गेले, तर सिरिल आयव्हीच्या खुर्चीशेजारी बसलेला.

"जिंकलास का रे?" तिने विचारलं.

सिरिलने तिचा हात हातात घेतला. "हिलरीकडे पत्रक आहे. तीच वाचेल." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "तुला हवं ते वाच. आज मी चूक काढणार नाही."

एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. दोन नावांची अदलाबदल करायची होती फक्त. मला वाईटही वाटलं. पण मला जेफ्रीचं वय आठवलं. मी पान उघडलं आणि छापलं होतं तसं वाचलं.

"घेवड्याच्या शेंगा. पहिला क्रमांक, डेब्रा फेन. सिरिल टॅपर, बाद."

आयव्हीने त्याचा हात थोपटला. "असू दे रे. पुढच्या वर्षी जिंकशील."

"हो," सिरिल म्हणाला.

मी पुढची बातमी वाचायला घेतली. त्या अंकात एकही चूक नव्हती.