दोघांचा एकच फंड

वडिलांचं घर विकल्यावर आलेल्या पैशांचं काय करायचं, हे दादानं ठरवलं होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, पण स्टाफरूममध्ये त्याचा मान होता तो बाजार कळणारा माणूस म्हणून. कुणी एखाद्या शेअरचं नाव काढलं की तो चष्मा पुसत म्हणायचा, "एकेक कंपनी निवडायच्या भानगडीत पडताय कशाला? ईटीएफ घ्या. सगळ्या मोठ्या कंपन्या एकाच गाठोड्यात. घ्या आणि विसरून जा."

धाकट्या बहिणीला, चिमीलाही त्यानं हेच सांगितलं. चिमीचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. आकडेमोडीचा तिला कंटाळा. तिनं एवढंच विचारलं, "तूही हाच घेतोयस ना? मग झालं तर." दोघांनी आपापला वाटा एकाच ईटीएफमध्ये घातला.

पुढे चिमीच्या दुकानाला बरकत आली. एका मोठ्या हॉटेलचे गणवेश तिच्याकडे यायला लागले, तिनं शेजारचा गाळा घेतला, मग गाडी घेतली. गाडी बघायला सगळे जमले. दादा गाडीभोवती फिरला, रंगाचं कौतुक केलं, मागच्या सीटवर बसून पाहिलं. घरी परतताना मात्र तो मोबाईलवर फंडांचे भाव चाळत होता.

त्याच आठवड्यात त्यानं आपला सगळा फंड विकला आणि फक्त बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ईटीएफ घेतला. त्या फंडाचा भाव तेव्हा नुसता वर धावत होता. चिमीला कळवायचं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तिला कशाला जोखमीत घालायचं, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली. खरं तर त्याच्या डोळ्यांसमोर पुढचं एक जेवण होतं. सगळे बसलेत, सहज विषय निघालाय आणि चिमी तोंडात बोट घालून म्हणतेय, "दादा, तू कुठल्या कुठे पोचलास की रे!"

बॅटरीचा फंड काही महिने हळूहळू चढला, पण तसं जेवण जमून यायच्या आतच जो गडगडला, त्यात त्याचे एक तृतीयांश पैसे गेले.

अशात चिमीचा फोन आला. "जरा दुकानात येतोस? आपल्याच फंडासारखा दुसरा निघालाय म्हणे, त्याची फी कमी आहे. बदलायचा का?"

दादा गेला. चिमी एका पँटची शिवण उसवत बसली होती. तिनं पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"हे बघ," तो म्हणाला, "दोन्ही गाठोड्यांत माल तोच. दुसऱ्याची फी थोडी कमी, एवढंच. पण तू आत्ता विकलंस तर इतक्या वर्षांच्या नफ्यावर कर भरावा लागेल. फीमध्ये वाचणारे पैसे तो भरून काढायला पुष्कळ वर्षं घेतील. जुना आहे तिथेच राहू दे. नवीन पैसे घालशील ते स्वस्तातल्यात घाल."

"असं होय! दाखव बरं दोन्ही."

दादानं मोबाईल काढला, अॅप उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. पहिल्या पानावर त्याचा स्वतःचा हिशेब असतो, हे त्याच्या लक्षात यायच्या आत चिमीनं चष्मा नाकावर चढवला होता.

"हे काय रे? बॅटरी?"

"ते होय... प्रयोग म्हणून. थोडंसं."

"थोडंसं कुठलं? इथे दुसरं काही दिसतच नाही. आपला कुठाय?"

तेवढ्यात एक बाई कोट न्यायला आल्या. चिमी उठली, कोट काढला, बाही नीट बसतेय का ते बघितलं. दादा मोबाईल छातीशी धरून उभा. बाईंनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा चिमी सवयीनं म्हणाली, "माझा थोरला भाऊ. आमच्या घरातलं डोकं म्हणजे हाच." बाई हसल्या. दादालाही हसावं लागलं. कानशिलं तापली होती.

बाई गेल्यावर चिमीनं सुई हातात घेतली, पण ओवली नाही.

"कधी केलंस?"

"तुझी गाडी आली, त्या आठवड्यात."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. चिमीनं सुई खाली ठेवली. तिला सगळं कळलं होतं.

"आणि पडला म्हणून गप्प बसलास. चढतच राहिला असता तर?"

खोटं बोलायला त्याला काहीच सुचेना. "तर सांगितलं असतं. सगळ्यांसमोर."

"म्हणजे मला बरोबर घेऊन नाही. मला दाखवून."

दादानं जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे पायानं एका जागी गोळा केले.

"माझ्या फंडाचं आत्ता सांगितलंस ते तरी खरं ना?" तिनं विचारलं.

"अगदी खरं. तुझ्याशी खोटं..." वाक्य त्याच्याच्यानं पुरं झालं नाही.

"ठीक आहे. बघते मी," चिमी म्हणाली आणि पँट पुन्हा मांडीवर ओढली.

पुढचे दिवस दादाचे वाईट गेले. बॅटरीत राहायचं की जुन्यात परतायचं? घेतला त्या भावाला आला की विकू, असं तो घोकत होता. निदान तोटा झाला असं कुणी म्हणणार नाही. शेवटी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, गाडीचंसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज तुझ्या हातात नुसती रोकड असती, तर बॅटरी घेतली असतीस?"

"नाही."

"मग थांबलायस कुणासाठी?"

"तोंड दाखवायला जागा हवी म्हणून," तो पुटपुटला.

"ती काय फंड देणार आहे तुला?"

त्यानं बॅटरी विकली, तोटा गिळला आणि पुन्हा सगळ्या कंपन्यांचं गाठोडं घेतलं, या वेळी कमी फीचं. महिन्याभरात बॅटरी थोडी वर आली. दिवसातून दोनदा तो तिचा भाव बघायचा, पण हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी काय घेऊ म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला नका विचारू. मीच आपटलोय." सरांना तो विनय वाटला, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सरांचा गैरसमज त्यानं दूर केला नाही आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

चिमीचा फोन आला तेव्हा तो पेपर तपासत होता.

"दादा, जुना तसाच ठेवला. नवीन पैसे स्वस्तातल्यात घालतेय."

"मी तेच म्हटलं होतं की."

"हो. पण माझा कर भरतात ना, त्या बाईंनाही विचारलं. आणि माझं मीही वाचलं थोडं." आवाजात राग नव्हता. वहिनीची चौकशी केली, मुलं कशी आहेत विचारलं.

"बरं केलंस," दादा म्हणाला.

तू आता कुठल्या फंडात आहेस, हे तिनं विचारलं नाही. फोन ठेवून त्यानं समोरचा पेपर ओढला. एकच उत्तर त्यानं पुन्हा पुन्हा वाचलं, तरी गुण किती द्यावेत ते त्याला ठरवता येईना.