काळी गाभण कुय

“गोळ्यांचा एक दिवसही खाडा नको. गावाकडे कुणी ना कुणी बंद करा म्हणेलच. तसं कुणी म्हणालं की आधी मला फोन करा.”

बाबांच्या काळजाच्या नळीत जाळी बसवून त्यांना घरी सोडताना किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळातली नर्स दारापर्यंत येऊन हे सांगत होती, तेव्हा योवानाला हसू आलं होतं. चार वर्षं कॉलेजात काढलेल्या मुलीच्या घरात कोण येतंय असलं काही शिकवायला? नंबराची चिठ्ठी तिने पर्समध्ये टाकली. तिथे ती लेकीच्या, छोट्या ब्रिसाच्या, रंगीत खडूंखाली गेली, ती गेलीच.

आता त्या हसण्याची आठवण झाली की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे. आणि त्याहून जोरात, वैदू म्हणवणाऱ्या माएस्त्रो कासिआनोच्या.

आजही कासिआनोच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डोंगरातल्या सेलेंदिन गावाच्या वरच्या अंगाची पाच गावं रविवारी तिथे लोटत. छातीत कळ येणारे, जिने चढताना धापा टाकणारे, नळ्या तुंबल्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले. प्रत्येकाच्या काखोटीला घरच्या चुलीमागे वाढवलेली एक कुय, म्हणजे गिनीपिग, बिनशेपटीची, मांजरीच्या पिलाएवढी. आणि ती काळीच हवी. काळीच आजार ओढते, हे इथे पोर जन्मतानाच शिकून येतं.

माएस्त्रो ती जिवंत कुय लाल घोंगडीखाली घेऊन रोग्याच्या छातीवर चोळायचा. थोड्या वेळाने ती मेलेली बाहेर यायची. मग सुरी. काळजापाशी पांढरी गुठळी दिसली की अंगणभर क्रॉसची खूण व्हायची.

“डॉक्टर मनगटातून तार घालतो आणि काळजात लोखंड ठेवून येतो,” माएस्त्रो सांगायचा. “बाळांनो, घरात उंदीर शिरला तर पिंजरा ठेवून कुणी झोपतं का? उंदीर काढायला नको?”

योवानाचे बाबा, बेलिसारिओ, शेजारच्या झोराइदाकाकूंच्या नादाने इथे आले होते. पहिल्या रविवारी त्यांच्या कुयच्या काळजावर गुठळी, दुसऱ्या रविवारी छोटी गुठळी, तिसऱ्याला काळीज आरशासारखं लख्ख. “लोखंडाचं काम संपलं, आता गोळ्या नदीला द्या,” माएस्त्रोने फर्मावलं. बाबांनी दिल्या. योवाना विचारायची तेव्हा म्हणायचे, “घेतल्या गं.”

आठव्या दिवशी त्यांना झटका आला. सहा तास ट्रकमध्ये, डोकं लेकीच्या मांडीवर. वाचले, पण काळजाचा एक तुकडा मेला तो मेलाच. डॉक्टरांनी योवानाला समजावलं, ती जाळी शरीराला परकी; तिच्यावर आतली कातडी चढेपर्यंत रक्त तिला चिकटायला बघतं. त्या दोन गोळ्या म्हणजे तिथला पहारा. पहारा उठला आणि रक्त गोठलं.

घरी परतल्यावर माएस्त्रो स्वतः भेटायला आला. म्हणाला, उरलेली घाण जोरात निघाली म्हणून झटका बसला. आणखी एक चोळणी, की मोकळे. बाबांना ते पटलं. जरा ताकद आली की, तिसऱ्या रविवारी चोळणी आणि त्याच दिवसापासून गोळ्या बंद, असं त्यांनी ठरवून टाकलं. योवाना रडली, भांडली, डॉक्टरांचे कागद वाचून दाखवले. “तू शिकलीस, पण तुझ्यात श्रद्धा नाही,” एवढंच ते म्हणाले.

मग ती भांडायची थांबली. दोन रविवार ब्रिसाला पाठीशी बांधून गर्दीत नुसती उभी राहिली. सगळे माएस्त्रोची सुरी बघत होते. तिने घोंगडी बघितली. घोंगडीचं एक टोक दर वेळी देव्हाऱ्याच्या टेबलाला लागायचं, आणि त्या टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत लोळत होतं. काळी कुय आत जायची, काळीच बाहेर यायची. पण तीच, हे कुणी बघितलं होतं?

या रविवारी बाबांसाठी कुय तिने निवडली. अंगणात झोराइदाकाकूंच्या हातात देऊन सहज म्हणाली, “काकू, बघा हो, बरी आहे ना?” काकूंची हयात बाजारात कुय विकण्यात गेलेली. पोटाला बोटं लागताच म्हणाल्या, “अगं, ही गाभण आहे. तीन पिलं. आठवड्यात विईल. हिला कशाला आणलंस?”

“बाबांसाठी चांगलीच द्यायची ना,” योवाना म्हणाली.

बाबा बाकावर बसले. घोंगडी, मंत्र, चोळणी. मेलेली कुय बाहेर आली, सुरी फिरली, आणि ही भली मोठी पांढरी गुठळी निघाली. अंगण हळहळलं.

“माएस्त्रो, पोटही उघडा,” योवाना म्हणाली.

“आजार छातीत आहे, ताई.”

“असू दे. उघडा.”

तो हसला, पण तोवर काकूंनी कुय उचलून उताणी केली होती. त्यांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. “हा नर आहे,” त्या म्हणाल्या. “मी हातात घेतली ती गाभण होती.”

“आजार ओढताना प्राण्याचं रूप पालटतं,” माएस्त्रो म्हणाला.

“चाळीस वर्षं कुय विकतेय मी, कासिआनो. मला नको सांगूस.”

योवानाने लेकीला खाली उतरवलं आणि झोळीतली लसूणघासाची जुडी तिच्या हातात दिली. “ब्रिसा, घरी हाक मारतेस तशी मार बघू.”

पोरीने जुडी खसखसवली. चुलीमागे वाढलेल्या कुयला हा आवाज म्हणजे जेवणाची घंटा. मग देव्हाऱ्याखालून एक शीळ आली. दुसरी आली. मग दहा-बारा गळे एकदम कुई कुई करायला लागले.

कापड बायकांनीच ओढलं. आत विणलेलं पोतं, पोत्यात सकाळपासूनच्या साऱ्या काळ्या कुय, जिवंत. “ही माझी, कान फाटलेली,” कुणी म्हणालं. योवानाची गाभण कुयही त्यांतच होती. शेजारच्या ताटात मेंढीची चरबी, आणि काखेत चीर देऊन, चरबी कोंबून तयार ठेवलेल्या दोन मेलेल्या कुय. रोगी बरा झालेला दाखवायचा असेल त्या रविवारी चरबी कोंबायची नाही, की काळीज लख्ख.

बाबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, “मग माझ्या छातीतून काय काढलं होतंस?”

माएस्त्रोने ते ताट पायाने मागे सारलं.

“योवाना, पाणी दे,” बाबा म्हणाले. सकाळच्या गोळ्या खिशात तशाच होत्या. त्या त्यांनी सगळ्यांदेखत गिळल्या.

कुणीतरी दगड उचलला होता. योवानाने तो खाली ठेवायला लावला. तिला त्याहून मोठा सूड हवा होता. तिने कासिआनोला त्याच्याच टेबलावर उभं केलं आणि नर्सचं वाक्य म्हणायला लावलं. “गोळ्यांचा एक दिवसही खाडा नको.” मोठ्याने. मागच्यांना ऐकू येत नाही, पुन्हा. गोळ्या नदीला दिलेले सात जण त्या अंगणात होते. पुन्हा गोळ्या सुरू करतो म्हणून सातही जणांनी हात वर करेपर्यंत तिने त्याला खाली उतरू दिलं नाही. मग पोतं, ताट आणि त्याला, तिन्ही पोलिसांच्या हवाली केलं. तिने त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. बाबा आता उतार चालतानाही दोनदा थांबतात.

गाभण कुय चौथ्या दिवशी व्याली. तीन पिलं, काकू म्हणाल्या तशी.

कुठलाही हात छातीवर फिरून नळी उघडत नाही. चमत्कार दिसला तर सुरीकडे नका बघू, घोंगडीकडे बघा. आणि तुमच्या घरात, शेजारात कुणाला जाळी बसवली असेल, तर योवानाचं एवढंच मागणं आहे. आज त्यांच्याकडे जा. “गोळ्या घेतल्या का,” असं विचारून परत फिरू नका. बाबाही “घेतल्या गं” म्हणायचे. गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.