ज्याचं जातं, त्याचं लग्न

उडदाची डाळ खरपूस भाजली की तिचा वास तीन घरं ओलांडून जातो.

बँडवाल्यानं मे महिन्यातली एक तारीख कुणी न सांगता राखून ठेवली.

केजच्या मावशीनं फोन केला आणि आधी रडून घेतलं. "मी काय मेले का गं?"

अभिमन्यूनं दाढी केली.

हायवेवरच्या धाबेवाल्याला आमटी आवडली.

जातं म्हणजे दगड. दगडाला तोंड नसतं, असं शहाणी माणसं म्हणतात. ती चौसाळ्यात राहिलेली नसावीत.

*

सरळ सांगायचं तर सुरुवात धाबेवाल्यापासून करावी लागेल. पण त्याच्याही आधी येसर.

ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, खोबरं, दगडफूल. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र दळायचं. हे पीठ पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत सोडलं की जी होते ती लग्नातली आमटी. मंगलच्या हाताचं येसर अख्ख्या भावकीत नावाजलेलं. दर उन्हाळ्यात ती डबे भरून वाटायची. नातेवाइकांचं एक बरं असतं, ते चव विसरत नाहीत आणि डबा परत करत नाहीत.

"आई, हे विकायचं," एक दिवस राजनंदिनी म्हणाली. ही मंगलची लेक, बीडला फार्मसीला.

"विकायचं? लोक काय म्हणतील?"

"फुकट खाऊन काय म्हणायलेत, ते तरी कुठं ऐकू येतंय?"

मंगल हसली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. राजनंदिनीची फी भरायचे थोरले दीर, भगवानराव. फी भरायचे आणि पावतीसोबत मतही द्यायचे. थोरल्या दिरानं भावजयीशी थेट बोलायचं नसतं, म्हणून ते धाकट्या भावाकडं बघून बोलायचे. "आदिनाथ, पोरगी वाढायली. कुठवर शिकवायची?" आदिनाथ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायचा. शेवटचं वर्ष उरलं होतं. तेवढ्या वर्षाची फी आपण भरली, तर पोरगी आपली. नाहीतर पोरगी पावतीवर नाव असेल त्याची.

म्हणून मंगल हायवेवरच्या धाब्यावर डबाभर आमटी घेऊन गेली. धाबेवाल्यानं वाटी पुसून खाल्ली. म्हणाला, "गुरुवारी पोतंभर आणून द्या ताई. गिऱ्हाइकाला आवडलं तर दर महिन्याला घेतो. पाकिटं करा, गल्ल्यावर ठेवू."

घरात हे फक्त तिघांना माहीत. भावकीला सांगायचा प्रश्नच नव्हता. मसाला फुकट वाटणारी सून म्हणजे घराण्याची शान, विकणारी सून म्हणजे घराण्याचा घोर.

*

बुधवारी भाजणं उरकलं आणि मंगलनं येसर घरीच दळायला घेतलं.

जातं तिचं नव्हतं. सासूच्या मागं वाटणी झाली तेव्हा मंगलला टीव्ही आला आणि थोरल्या जावेला, विमलबाईला, जातं. टीव्ही कधीच बिघडला. दगडाला काय होतंय? विमलबाईचा मुलगा अभिमन्यू ते खांद्यावर टाकून घेऊन आला. कावून, कशाला, एक शब्द विचारला नाही. गडी कामाला वाघ. तिशी उलटून गेली होती, शेती होती, दोन म्हशी होत्या. फक्त मुलीकडच्यांना नोकरी पाहिजे होती, आणि म्हशींना नोकरी लागत नाही.

जातं फिरायला लागलं. घर्र, घर्र.

आता या गावात जात्याचा आवाज आजकाल कधी येतो? रोजचं पीठ गिरणीत. तिखट गिरणीत. जातं बाहेर निघतं ते लग्नघरात, हळदीला आणि येसराला. त्यात हवेत उडदाचा वास. आणि घरात कॉलेजातली पोरगी.

पहिली आली शेजारची सरस्वतीबाई. येताना हळदीची वाटी आणि दोरा घेऊनच आली.

"गुपचूप गं? आमाला परकं केलं व्हय?"

"तसं न्हाई काकू, गिरणी..."

"गिरणीत दळत्यात का लग्नाचं येसर! सरक तिकडं." तिनं जात्याला हळदीची बोटं ओढली, खुंट्याला दोरा बांधला आणि गल्लीकडं तोंड करून हाक मारली.

पाच सवाशिणी लागतात, अकरा आल्या. कुणी खुंटा धरला, कुणी चाळणी. एकीनं ओवी धरली, दुसरीनं आवाज चढवला. मंगलनं पुन्हा तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिची नजर पोत्याकडं गेली. धाबेवाल्याचा गुरुवार उद्यावर आला होता आणि तिचे खांदे आत्ताच भरून आले होते. तिनं तोंड मिटलं. खोटं ती एक अक्षर बोलली नाही. फक्त खरं गिळलं, आणि वर सगळ्यांना चहा पाजला.

पोतं दुपारीच भरलं. ज्याला धंद्याच्या भाषेत मनुष्यबळ म्हणतात, ते असं ओवी गात येतं.

*

लग्नाची कृती (पोतंभर येसरापासून)

नवरदेव नसला तरी चालतो. चारच्या सुमाराला गावाच्या तोंडी तो पुण्यात कंपनीत होता. पाच वाजता मिलिटरीत गेला. दिवे लागायच्या आत तहसील कचेरीत कायम झाला. एवढ्या झटपट बढत्या सरकारनंही कुणाला दिलेल्या नाहीत. मग बँडवाल्याची तारीख. मग राजनंदिनीच्या केजच्या मावशीचं रडणं. शेवटी वरून चवीपुरता एक चुलता घालावा.

चुलता आला. भगवानराव ओसरीवर बसले आणि आदिनाथकडं बघून म्हणाले, "इचार हिला. पोरगी दिली कुणाला? मला गिरणीच्या कट्ट्यावर कळावं?"

मंगलनं पदर सावरला. "आबा, लग्न न्हाई. येसर विकायला केलंय. धाब्यावर द्यायचंय."

भगवानरावांनी आदिनाथकडं असं बघितलं, जणू येसर त्यानंच भाजलं होतं.

"इकायला? जात्याला हळद लावून? सवाशिणींच्या हातून?"

"हळद सरस्वतीकाकूनं लावली."

"लावली का न्हाई? मग झालं तर. हळद लागल्याली जागा मोकळी सोडायची नसती. घराला लागतं ते." त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू निघून गेला आणि तिथं काहीतरी सुचल्याचं समाधान आलं. "बरं झालं एका अर्थी. गेवराईचं स्थळ हाय माझ्याकडं. वाळूचे दोन टिप्पर हायत पोराचे. रविवारी बघायला बोलावतो."

"आन् माझं कॉलेज?" राजनंदिनी दारातून म्हणाली.

"लग्न झाल्यावर शीक की. कोण नगं म्हणतंय?"

लग्न झाल्यावर शिकलेल्या या भावकीतल्या मुली मोजायला एक बोट पुरतं, आणि तेही दुमडायची वेळ अजून आली नव्हती.

ते गेल्यावर राजनंदिनी पोत्यावर बसली. "आई, तुला एकदा नीट सांगता आलं नसतं का? अकरा जणी हुत्या. एकीला तरी."

मंगल फी भरायला निघाली होती आणि पोरगी घालवून बसली होती. तिची नजर ओसरीच्या कोपऱ्यात गेली. जातं तसंच होतं, हळदीची बोटं लावून, दोरा बांधून, नवरीसारखं. सकाळी ते परत द्यायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं. मग ती एकदम उभी राहिली.

*

सकाळी जातं अभिमन्यूच्या खांद्यावर, मागून आमटीचं पातेलं घेऊन मंगल, आणि वाटेत हाक मारून सोबत घेतलेली सरस्वतीबाई, अशी वरात विमलबाईच्या दारात आली.

"अक्का, तुमचं जातं. हळद पुसली न्हाई. तुमच्या जात्याची हळद मी कशी पुसणार?"

विमलबाईनं खुंट्याचा दोरा चाचपून बघितला.

"काकू," मंगल भोळेपणानं म्हणाली, "हळद जात्याला लागती, का ज्याच्या ओसरीवर दळलं त्याला?"

सरस्वतीबाईला कुणी कधी शास्त्र विचारत नसे, त्यामुळं तिच्याकडं ते भरपूर साठलेलं होतं. "ओसरीला कशाला लागंल? ज्याचं जातं, त्याचं लग्न. माझ्या आजीपासनं हेच चालत आलंय." ते तिच्या आजीपासून चालत आलं होतं की त्या क्षणापासून, हे विचारायला आजी हयात नव्हती.

"मंजी अभिमन्यूचं?" विमलबाईचा आवाज चिरकला. तिच्या पोराला सात ठिकाणांहून नकार आला होता. सातवे तर चहा न घेता उठले होते. तिनं दोन्ही हातांनी जातं असं धरलं, जसं कुणी ओढून नेईल.

आतून भगवानराव आले. "काय चाललंय?"

"आपल्या घरचं येसर दळून झालंय," विमलबाई म्हणाली. "आन् तुमी दुसऱ्याच्या पोरीला रविवार धुंडायलेत. हळद माझ्या दाराला लागलीया. ती मोकळी ऱ्हायली तर कुणाच्या घराला लागंल, सांगा?"

कालचं शास्त्र भगवानरावांचंच होतं. ते गिळायला त्यांना आमटीची वाटी लागली. दुसरीही लागली. गेवराईचा फोन राहूनच गेला.

अभिमन्यूनं दाढी केली ती तेव्हा.

*

अभिमन्यूचं जमलंय, ही बातमी गल्लीतून गेली आणि चमत्कार झाला. सिरसाळ्याचे ते सातवे लोक परत आले. दुसऱ्या कुणी तरी पसंत केलेला मुलगा म्हणजे त्यात काहीतरी असणारच. या वेळी त्यांनी चहा घेतला, वर म्हशीही बघितल्या. बँडवाल्याची मेमधली तारीख वाया गेली नाही.

धाबेवाल्याला पोतं वेळेवर पोचलं आणि गिऱ्हाइकालाही आवडलं. पण खरा धंदा धाब्यानं वाढवला नाही. तो वाढवला बिनलग्नाच्या पोरांच्या आयांनी. मंगलचं येसर घरात नेलं की स्थळ येतं, असं ठरलं. राजनंदिनीनं पाकिटावर ठळक छापलं, 'आमटीसाठी'. कुणी वाचलं नाही. एकीनं तर सरळ विचारलं, "जरा उंच पोरगी पाहिजे, किती लागंल?" मंगलनं गंभीरपणानं अर्धा किलो जास्त दिलं.

जूनमध्ये राजनंदिनीच्या फीची पावती आली. तिच्यावर मंगलचं नाव होतं. भगवानरावांनी आदिनाथकडं बघून मत द्यायला तोंड उघडलं, तर विमलबाई नव्या सुनेसमोर म्हणाली, "जेवा गुमान." ते जेवले. आमटी होती.

एवढंच झालं होतं, की त्या बुधवारी गावातल्या चाँदभाईच्या गिरणीचा पट्टा तुटला होता.