पुढची पंधरा मिनिटं

“एवढंच एक वाक्य आहे, मावशी. ‘शेवटचं मूल घरी पोचेपर्यंत मी बसमध्येच असायचे.’ म्हणा बघू एकदा.”

 शाळेच्या व्यवस्थापकांच्या टेबलावर बसच्या नोंदवहीच्या झेरॉक्स पसरल्या होत्या, त्यांच्याकडे मावशी बघत राहिल्या. मूळ वही पोलिसांनी नेली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी सही होती, त्यांचीच. गोल, टपोरी, शाळकरी पोरीने गिरवावी तशी.

“पाठ आहे मला,” त्या म्हणाल्या.

“शाब्बास. आणि घाबरायचं काही कारण नाही. आरोपीच्या वकिलांनीच तर बोलावलंय तुम्हाला. ते विचारतील, तुम्ही हो म्हणायचं. दहा मिनिटांत मोकळ्या.”

“म्हणजे ड्रायव्हर सुटणार?”

व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. “तो सुटेल नाहीतर आत जाईल, ते कोर्ट बघेल. आपण शाळेचं बघायचं. बसमध्ये बाई असलीच पाहिजे असा नियम आहे. बाई होती. विषय संपला. त्या पोरीचे आईबाप शाळेला खेचायला टपलेत, मावशी. उद्या शाळेला कुलूप लागलं तर तुमच्यासारखी साठ माणसं कुठे जाणार?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “मुख्याध्यापिकाबाईंनी मुद्दाम सांगितलंय, निवृत्तीपर्यंत तुमच्या केसाला धक्का लागणार नाही.”

मावशी एकोणीस वर्षं शाळेच्या बसवर होत्या. पोरांना हात धरून चढवायचं, उतरवायचं, कोणी ओकलं तर पुसायचं, खिडकीबाहेर काढलेली डोकी आत घ्यायची, सीटखाली राहिलेले डबे आणि एकेकटे मोजे ज्याचे त्याला पोचवायचे. पोरं मोठी होऊन निघून जायची, नवी यायची, आणि सगळ्यांच्या त्या मावशी. शिक्षकांच्याही मावशी, व्यवस्थापकांच्याही. नाकासमोर चालणारी बाई अशीच त्यांची ख्याती होती.

ड्रायव्हर चार वर्षांमागे आला. पोरं त्याला काका म्हणायची. माणूस हसतमुख, गाडी हळू चालवणारा. मावशींच्या नवऱ्याचं अर्धं अंग गेलं तेव्हा दवाखान्यात न्यायला तोच सुट्टीच्या दिवशी रिक्षा घेऊन आला होता. जिन्यावरून त्याने नवऱ्याला पाठुंगळी खाली आणलं. असं कोण करतं?

मग एक दिवस मावशींच्या गल्लीच्या वळणावर त्याने स्वतःहून बस थांबवली.

“मावशी, उतरा इथेच. बसमध्ये आता एकच पोरगी राहिली. तिला सोडायला पंधरा मिनिटं, मग डेपो, मग तुम्ही परत उलट्या चालत येणार. तिकडे तुमचे यजमान उपाशी बसलेत.”

“अहो, पण वहीत सही?”

“आत्ताच करून ठेवा. वेळ मी टाकतो.”

मावशींनी सही केली आणि उतरल्या. घरी पोचल्या तेव्हा नवऱ्याने घड्याळाकडे बघून डावी भुवई उचलली होती, आज लवकर कशी, म्हणून. त्याचं अंथरूण ओलं होण्याआधी त्या पोचल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात ड्रायव्हरला आशीर्वाद दिला. असे आशीर्वाद त्यांनी आठ महिने दिले.

बसमध्ये मागे राहणारी ती मुलगी सहा वर्षांची होती. दोन दात पडलेली, बडबडी. मावशी तिला पिटुकली म्हणायच्या. तिचं घर गावाच्या टोकाला, गोदामांची लांबलचक रांग ओलांडली की. दुपारी त्या रस्त्याला चिटपाखरू नसे.

पावसाळा सरता सरता पिटुकली गप्प झाली. मावशींना वाटलं, दात पडले म्हणून लाजत असेल. मग ती वळण जवळ आलं की मावशींच्या एप्रनचा खिसा धरायला लागली.

“मावशी, तू नको ना उतरू.”

“अगं वेडे, माझं घर आलं ना.”

“मग मी पण तुझ्या घरी येते.”

“आणि तुझी आई वाट बघत बसेल, तिचं काय? काका आहेत की. काका सोडतात ना नीट?”

पोरगी खिसा सोडायची नाही. मावशी एकेक बोट सोडवायच्या, अंगठा शेवटी, आणि हसत हसत उतरायच्या. ड्रायव्हर आरशातून हसायचा. “लळा लावलाय तुम्ही पोरीला,” म्हणायचा.

हे असं अकरा-बारा वेळा तरी झालं असेल. मावशींनी पुढे किती वेळा मोजायचा प्रयत्न केला, पण आकडा कधी नक्की होईना.

तक्रार केली ती आईने. आंघोळ घालताना तिला कळलं. त्याआधी तिने शाळेत दोनदा फोन करून विचारलं होतं, की बस रोज उशिरा का येते. रस्ता खणलाय, असं उत्तर मिळालं होतं. रस्ता खणलाय हे शाळेला ड्रायव्हरने सांगितलं होतं. पोलीस ड्रायव्हरला घेऊन गेले, आणि दुसऱ्याच दिवशी मावशींना चौकीत बोलावणं आलं.  समोर जाडजूड हवालदार, शेजारी व्यवस्थापक.

“तुम्ही शेवटपर्यंत बसमध्ये होतात?”

“होते.”

तोंडातून निघून गेलं. नोकरी गेली तर आजारी माणसाला घेऊन कुठे जायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. हवालदाराने लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली. पुन्हा तीच गोल सही.

त्या एका शब्दावर खटला दोन वर्षं रेंगाळला. पिटुकलीने कोर्टात सांगितलं, की मावशी आधीच उतरायची. आरोपीचे वकील म्हणाले, पोरीला पढवलंय. ही बघा नोंदवही, हा बघा बाईचा जबाब. बसमध्ये बाई बसलेली असताना असं घडेल तरी कसं? आणि खुंटा हलवून बळकट करावा म्हणून त्यांनी मावशींनाच साक्षीला बोलावलं.

साक्षीच्या दिवशी सकाळी मावशी नवऱ्याला दुधात भिजवलेला पाव भरवत होत्या. त्याचं बोलणं जड होतं, पण मावशींना कळायचं.

“काय सांगणार?” त्याने विचारलं.

“शाळेने सांगितलंय ते.”

“खरं काय?”

आजवर त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. चमचा हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. वळण, सही, आठ महिने, एप्रनचा खिसा. तो ऐकत होता. त्याच्या चांगल्या डोळ्यातून आणि वाईट डोळ्यातून सारखंच पाणी यायला लागलं.

“माझ्यासाठी उतरायचीस,” तो म्हणाला.

“तुमचा काय दोष त्यात?”

त्याने तोंड मिटून घेतलं. मावशींनी चमचा पुढे केला, त्याने मान वळवली. त्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही.

कोर्टाची खोली लहान होती. असल्या खटल्यात बाहेरच्या कुणाला आत येऊ देत नाहीत, त्यामुळे बाकं रिकामीच होती. कोपऱ्यात पिटुकलीची आई बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर. तुरुंगात राहून उजळला होता, दाढी नीट केलेली. मावशींना बघून तो ओळखीचं हसला आणि त्याने हात जोडले.

आरोपीच्या वकिलांनी गोड आवाजात सुरुवात केली. किती वर्षं नोकरी, कधी तक्रार आली का, आरोपीची वागणूक कशी. मावशी उत्तरं देत गेल्या. वागणूक चांगली होती म्हणाल्या, कारण ते खरंच होतं.

“आता सांगा, शेवटचं मूल घरी पोचेपर्यंत तुम्ही बसमध्येच असायचात?”

“नाही.”

वकिलांना वाटलं बाईंना प्रश्न समजला नाही. त्यांनी तो हळू, सुटा सुटा करून पुन्हा विचारला.

“नाही साहेब. मी पंधरा मिनिटं आधी उतरायचे. माझ्या वळणावर. आठ महिने रोज.”

टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर केली. वकिलांचा आवाज एकदम बदलला.

“बाई, पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलंय. तुमची सही आहे. वहीत रोजच्या सह्या आहेत. त्या खोट्या?”

“खोट्या.”

“म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?”

“तेव्हा.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

मावशींनी दाराकडे बघितलं. बाहेर व्यवस्थापक उभे असणार. “कुणी सांगायची गरजच नव्हती. मीच घाबरले होते.”

ड्रायव्हरचं हसू गेलं होतं. पण रागही नव्हता चेहऱ्यावर. उपकार विसरणाऱ्या माणसाकडे बघावं, तसा तो मावशींकडे बघत होता. जिन्यावरून पाठुंगळी आणलेला नवरा मावशींना आठवला. तेव्हापासूनच याने हिशेब मांडला होता का? की तेव्हा माणूस होता आणि मागाहून असा झाला? हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

मग सरकारी वकीलबाई उठल्या. मावशींना मुलगी शोभावी एवढंच त्यांचं वय असेल.

“मुलगी तुम्हाला कधी काही म्हणाली होती?”

“म्हणाली होती. नको उतरू म्हणाली होती.”

“किती वेळा?”

“पुष्कळ वेळा.”

“मग तुम्ही काय केलंत?”

कोपऱ्यात पर्सची कडी कट्कन वाजली. मावशींनी तिकडे बघितलं नाही.

“तिची बोटं सोडवली आणि उतरले.”

वकीलबाई क्षणभर कागद चाळत राहिल्या. “एवढंच विचारायचं होतं,” म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ड्रायव्हरला वीस वर्षं. मावशी बाहेरच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. आत जायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. वकीलबाई घाईघाईत आल्या, दंडाला हात लावून म्हणाल्या, “मावशी, तुमच्यामुळे झालं हं,” आणि पुढच्या खटल्याला निघून गेल्या.

त्यांच्या मागून पिटुकलीची आई आली. सोबत नवरा होता, तो पुढे गेला. आई थांबली. दोन वर्षांत तिचे कानापाशी केस पांढरे झाले होते.

“ताई,” मावशी म्हणाल्या. “कशी आहे ती?”

“रात्री दिवा मालवू देत नाही. दात आलेत.” आईचा आवाज कोरडा होता. “तुम्ही खरं बोललात म्हणून तो आत गेला. ते मी विसरणार नाही.”

मावशींनी मान हलवली.

“पण त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना, बोटं सोडवली म्हणून. मला तोवर ते माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं मला.” “ते मला ऐकायला नको होतं. आता परत माझ्यासमोर येऊ नका.”

वाट अरुंद होती. मावशी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि तिला जाऊ दिलं.

शाळेने निकालाचीही वाट बघितली नव्हती. साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने, जो एकोणीस वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायला होता, जमिनीकडे बघत त्यांना सांगितलं, की आत सोडायची परवानगी नाही, एप्रन तेवढं जमा करायला सांगितलंय. मावशींनी ते घरी नेऊन धुतलं, वाळवलं, इस्त्री केली आणि परत आणून त्याच्या हातात दिलं. निकालाच्या बातमीखाली वर्तमानपत्रात शाळेचं निवेदन आलं: बेजबाबदार कर्मचारी महिलेला तत्काळ काढून टाकण्यात आलं आहे, शाळेची तिने दिशाभूल केली. रस्ता खणल्याचं उत्तर कोणी दिलं, त्याची चौकशी कुणी केली नाही. मुख्याध्यापिकाबाईंचा फोटो मात्र छान आला होता.

पाठोपाठ शाळेने पोलिसांत अर्ज दिला. नोंदवहीत खोट्या सह्या, पोलिसांना खोटा जबाब. पुरावा शोधायची गरज नव्हती. बाईंनी तो स्वतःच्या तोंडाने भर कोर्टात दिला होता. सरकारने एक तरुण वकील नेमून दिला. तो म्हणाला, “मावशी, शाळेच्या साहेबांनी सांगितलं म्हणून सह्या केल्या, असं म्हणा. बरीचशी सुटका होईल.”

“साहेबांनी नव्हतं सांगितलं.”

“अहो, त्यांनी तुम्हाला वाऱ्यावर सोडलंय. तुम्ही कशाला त्यांची लाज राखताय?”

“त्यांची कुठली लाज, बाळा? सह्या मी केल्या. एवढंच आहे ते.”

वकिलाने कपाळावर हात मारला आणि फाइल बंद केली.

पहिल्या तारखेला मावशी वेळेआधी पोचल्या. नवऱ्याला शेजारणीच्या भरवशावर ठेवून आल्या होत्या. बाकावर त्यांच्याबरोबर एक चोर, एक मारामारीवाला आणि दोघे पोलीस बसले होते. पोलिसांपैकी एकाने त्यांना बघून विचारलं, “कुणाला भेटायला आलात, मावशी?”

“माझीच तारीख आहे.”

त्याने जरा सरकून त्यांना नीट बसायला जागा दिली.

अकराच्या सुमारास दार उघडलं. शिपायाने कागदावरून एक नाव मोठ्याने पुकारलं. आधी बाईचं, मग तिच्या नवऱ्याचं, मग आडनाव. कोणी उठलं नाही. त्याने वैतागून पुन्हा पुकारलं. एकोणीस वर्षांत असं अख्खं नाव क्वचितच कुणी घेतलं होतं, त्यामुळे ते आपलं आहे हे लक्षात यायला मावशींना थोडा वेळ लागला. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या.

“हजर,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.