सयाजीच्या डोक्यातली पडवी

सयाजीच्या उजव्या कानामागं एक दार होतं. त्याची थोरली बहीण शैलजा पदर खोचायची, वाकायची आणि त्या दारातून त्याच्या डोक्यात जायची. सयाजी तेवढा वेळ मान कलती करून खुर्चीत बसून राही.

आत शहाबादी फरशांची लांबलचक पडवी होती आणि पडवीच्या टोकाला एक खोली. मेंदूत आनंद झेलणारे रिसेप्टर त्या खोलीत घडत. खोली धडधाकट होती, भिंतीला साधा तडाही नव्हता. फक्त दिवा मिणमिणत होता. शैलजाला यात नवल वाटलं नाही. प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी याच कामात गेली होती. जनुकाच्या अलीकडं एक पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. जनुक कितीही चांगलं असो, ते वाचायचं की नाही आणि वाचायचं तर किती, हे तो पट्टा ठरवतो. घर चांगलं असलं तरी पाहुण्याला पडवीतच अडवलं तर तो आत येणार कसा?

सयाजीला मुलगी झाली होती. उद्या तिचं बारसं होतं आणि त्यानं अजून पोरीला उचललंही नव्हतं.

"ती हसती तवा मला काय व्हायला पायजे, आक्का?" त्यानं विचारलं होतं. रागानं नाही, परक्या गावात पत्ता विचारावा तसं. शैलजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

म्हणून त्या दुपारी ती छिन्नी घेऊनच आत गेली. पट्ट्यातले काही तुकडे वाट अडवूनही धरतात, म्हणून खोलीपासून सगळ्यात लांबची फरशी तिनं उखडली. दिवा मोठा झाला.

"आक्का, आमटीचा वास आला मला," बाहेरून सयाजी म्हणाला.

ती बाहेर आली तेव्हा घराला पायऱ्या राहिल्या नव्हत्या. रस्ता थेट उंबऱ्याला येऊन टेकला होता.

पुन्हा आत जाऊन तिनं दुसरी फरशी काढली. दिवा लख्ख झाला. ती बाहेर आली तेव्हा सयाजीनं पोरीच्या तळव्याला बोट लावलं आणि तो ढसाढसा रडला. त्याची बायको सुनंदा स्वयंपाकघरातून चालत आलीच नाही, एकदम खुर्चीपाशी उभी होती. मधलं अंतरच राहिलं नव्हतं.

"वन्सं, बास आता," ती म्हणाली. "एवढं लई झालं आमाला."

तिथंच थांबायला हवं होतं. पण प्रयोगशाळेची सवय हाडीमाशी खिळलेली. तिथं पट्टा तुकड्या-तुकड्यानं कापत जायचं, ते दिवा विझेपर्यंत. विझल्याशिवाय नेमका कुठला तुकडा कामाचा हे कळत नाही. शैलजानं परत आत जाऊन आणखी एक फरशी काढली, मग आणखी एक, आणि शेवटी खोलीच्या अगदी तोंडाशी असलेली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दिवा विझला. हीच ती फरशी, हे तिला कळलं. क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं.

मग तिनं ती परत बसवून पाहिली. उलटी, सुलटी, आडवी. बसेना. प्रयोगशाळेत दुसरी नळी असते. सयाजी एकच होता. अंधारात ती फरशी छातीशी धरून ती खूप रडली.

बाहेर पाऊल टाकलं ते थेट बारशात. मधली संध्याकाळ, मधली रात्र, काहीच उरलं नव्हतं. पाळण्याला फुलं बांधून झाली होती. सुनंदानं पोरीला सयाजीच्या मांडीवर दिलं. पोरगी त्याच्याकडं बघून तोंडभर हसली.

"धरा कुणीतरी," सयाजी म्हणाला.

सुनंदानं शैलजाकडं बघितलं. मग पोरीला पाळण्यात ठेवलं.

"चला, आत्याबाई, करा कुर्र!" बायका म्हणाल्या. शैलजा पाळण्यावर वाकली. रीतीप्रमाणं बायकांनी हसत तिच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली. तिनं तोंड उघडलं. नाव आत अक्षरन्अक्षर शाबूत होतं, पण ओठांपर्यंत यायला त्याला वाटच राहिली नव्हती.

"आत्या लाजली गं! घाला जोरात!"

पोरगी डोळे मोठे करून तिच्या उघड्या तोंडाकडं बघत होती आणि पाठीत गुद्दे पडत होते.